मदत हवी आहे: विंडोज १० असलेल्या संगणकावर मागाहून एक्सपी बसवायची आहे

नमस्कार.

आमच्या लहानशा छापखान्यात २०११ सालचा एक डेस्कटॉप आहे. दुसऱ्या पिढीचा कोअर आय-३ प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि ५०० जीबीची एमबीआर (जुन्या पार्टिशन रचनेच्या) पद्धतीची हार्ड डिस्क असून तिच्यावर विंडोज १० उत्तम चालते. याच संगणकावर ३२ बिटची विंडोज एक्सपी, सर्व्हिस पॅक ३ सह, बसवायची आहे. जुन्या लग्नपत्रिका, स्मरणिका आणि अहवाल यांच्या फायली पेजमेकरमध्ये, युनिकोडपूर्व मराठी फाँटमध्ये जुळवलेल्या आहेत आणि त्या फाँटच्या पॅकेजचा लॉक (परवाना तपासण्यासाठीचे छोटे उपकरण) पॅरलल पोर्टला (प्रिंटरच्या जुन्या जोडणीला) लावावा लागतो.

व्हर्च्युअल मशीन (विंडोज १० च्या आतच चालणारा आभासी संगणक) वापरा, असा सल्ला मिळेल याची कल्पना आहे, आणि एरवी मीही तोच दिला असता. मात्र तेथे एक्सपी व्यवस्थित चालत असली तरी पॅकेजला लॉक सापडत नाही, त्यामुळे तो पर्याय कृपया बाजूला ठेवावा.

जुनी प्रणाली आधी आणि नवी नंतर बसवावी, हा नेहमीचा क्रम येथे उलटा होतो आहे. एक्सपीचे सेटअप बूट सेक्टरमध्ये (डिस्कवरील प्रणाली सुरू करणाऱ्या भागात) आपल्या एनटीएलडीआरकडे (एक्सपी सुरू करणाऱ्या प्रोग्रामकडे) नेणारा कोड लिहिते, आणि व्हिस्टापासून आलेला बूट मॅनेजर एनटीएलडीआरला ठाऊकच नसल्याने विंडोज १० डिस्कवर शाबूत असूनही सुरू होत नाही. विंडोज १० च्या इन्स्टॉलेशन डिस्कवरून बूटसेक्ट (बूट सेक्टर पुन्हा लिहिणारी आज्ञा) चालवून आणि बीसीडीएडिटने (बूट मेनूतील नोंदी बदलणाऱ्या आज्ञेने) एक्सपीची नोंद करून हे दुरुस्त करता येते. पण ती उठाठेव टाळण्यासाठी एक्सपी दुसऱ्या, १६० जीबीच्या साटा डिस्कवर बसवावी, बसवताना पहिल्या डिस्कची केबल काढून ठेवावी आणि पुढे संगणक सुरू करताना बायोसच्या बूट मेनूतून हवी ती डिस्क निवडावी, असा माझा विचार आहे. यात एक्सपीला सी ड्राइव्हही मिळेल, आणि आमच्या पॅकेजला तेच लागते.

खरी अडचण साटा मोडची, म्हणजे संगणकाने डिस्कशी कसे बोलावे याच्या सेटिंगची आहे; तो नवा एएचसीआय किंवा जुना आयडीई असू शकतो. विंडोज १० एएचसीआय मोडमध्ये बसवलेली आहे, एक्सपीच्या सीडीत एएचसीआयचा ड्रायव्हर नसतो आणि त्यामुळे सेटअप ७बी क्रमांकाच्या ब्लू स्क्रीनवर थांबते. आमच्या बायोसमध्ये हा मोड सर्व पोर्टना एकच आहे. दर वेळी तो बदलत बसणे कामाच्या गर्दीत परवडणारे नाही, आणि कोणी बदलायला विसरला की विंडोज १० उघडणार नाही ते वेगळेच. तेव्हा एन-लाइटने (विंडोजच्या सीडीत ड्रायव्हर मिसळणाऱ्या प्रोग्रामने) इंटेलचा ड्रायव्हर एक्सपीच्या सीडीत घालावा, की विंडोज १० एकदा सेफ मोडमधून सुरू करून तिलाच कायमचे आयडीई मोडवर आणावे? सेटअपमध्ये एफ६ दाबून फ्लॉपीवरून ड्रायव्हर देण्याची सोय या मदरबोर्डवर नाही. दोन्ही डिस्क फिरत्या तबकडीच्या असल्यामुळे आयडीई मोडने वेगात फारसा फरक पडू नये, असे वाटते.

दुसरी शंका रिस्टोअर पॉइंटची, म्हणजे प्रणाली आधीच्या स्थितीत नेण्यासाठी साठवलेल्या नोंदींची. नव्या विंडोजचे पार्टिशन एक्सपीला दिसले की तिथले रिस्टोअर पॉइंट ती पुसून टाकते. एक्सपीच्या रजिस्ट्रीत (सेटिंगच्या नोंदवहीत) माउंटेड डिव्हायसेसखाली ऑफलाइन नोंद करून ते पार्टिशन झाकण्याचा उपाय व्हिस्टा आणि विंडोज ७ साठी वापरला जाई. विंडोज १० सोबत तो कोणी दीर्घकाळ वापरला आहे का? फास्ट स्टार्टअप मी आधीच बंद केले आहे, कारण त्यामुळे विंडोज १० पूर्णपणे बंद न होता अर्धवट हायबरनेट होते आणि त्या अवस्थेत दुसऱ्या प्रणालीने तिच्या पार्टिशनवर काही लिहिले तर फायली बिघडू शकतात.

एक्सपीला ८ एप्रिल २०१४ नंतर नियमित सुरक्षा अपडेट मिळत नाहीत, म्हणून तिच्यातील नेटवर्क कार्ड बंद ठेवणार आहे. फायलींची ने-आण पेन ड्राइव्हने होईल.

सहा-मालिकेच्या इंटेल चिपसेटवर ज्यांनी एक्सपी एएचसीआय मोडमध्ये बसवली आहे, त्यांनी ड्रायव्हरची कोणती आवृत्ती सीडीत घातली आणि यादीतला नेमका कोणता कंट्रोलर निवडला, हे कृपया कळवावे.