मदत हवी आहे: वादळात केळी आडवी झाली, पंचनाम्याआधी बाग साफ करावी का?

मंडळी, घाईत लिहितोय. गाव रावेर तालुक्यात, मी नोकरीला पुण्यात. काल संध्याकाळी सातपुड्याकडून काळंकुट्ट भरून आलं आणि वीस मिनिटांत खेळ आटोपला. तीन एकर, साधारण साडेपाच हजार खोडं, सगळी निसवलेली, म्हणजे घड बाहेर पडलेली. कापणी तीन आठवड्यांवर होती. आप्पा फोनवर एवढंच म्हणाले, "निम्मी बाग झोपली रे." व्हिडिओ कॉलवर पाहिलं तर खोडं मधोमध मोडलेली, घड चिखलात, आणि आप्पांचे हात चिकाने काळे. अंधारात बॅटरी घेऊन ते घड उचलून बांधावर रचत होते. कशासाठी, ते विचारायचा धीर झाला नाही.

आप्पांनी उद्याला मजूर सांगितलेत. रान मोकळं करू म्हणतात. मी म्हणतोय, पंचनामा होईपर्यंत हात लावू नका. फळपीक विमा आहे, हप्ता पीककर्जातून कापला गेलाय, पण पावती सापडत नाही. तलाठ्यांचा फोन लागत नाही (एका माणसाकडे इतकी गावं, त्यांचं तरी काय चुकलं). आज नेमकं काय करू?

चोपडेकर: भाऊ, मजूर थांबवा आणि आधी विम्याचं बघा. तापमानाची भरपाई महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या नोंदीवर ठरते, त्यामुळे लोक वाऱ्याच्या बाबतीतही गाफील राहतात. वाऱ्याचं नुकसान आपण स्वतः ७२ तासांत कळवायचं असतं. पीक विम्याचा १४४४७ नंबर लावा. नाही लागला तर पीक विम्याचं ॲप, तेही नाही तर बँकेत किंवा कृषी कार्यालयात लेखी अर्ज, आणि आपल्या प्रतीवर शिक्का. पावती नसली तरी बँकेतून अर्ज क्रमांक निघतो. सातबाऱ्यावर ई-पीक पाहणीत केळीच आहे ना, तेही बघा. आमच्याकडे एकाच्या उताऱ्यावर कपाशी निघाली होती, पुढचं विचारू नका.

धागाकर्ता: चौथ्या वेळी फोन लागला, तक्रार क्रमांक मिळाला. उताऱ्यावर केळी आहे. आता विम्यासाठी तलाठ्यांची वाट बघायची ना?

चोपडेकर: नाही हो, ती दोन वेगळी कामं. विमा कंपनीचा माणूस येईल तो विम्यासाठी. तलाठी, कृषी सहायक, ग्रामसेवक मिळून पंचनामा करतात तो सरकारी मदतीसाठी, तिथे नुकसान किमान ३३ टक्के लागतं. दोन्हीकडे आपणच मागे लागायचं.

यावलचा केळीवाला: दादा, आप्पांचं घड उचलणं चुकलेलं नाही. घड न्या, खोडं जागेवर राहू द्या. आधी चारही कोपऱ्यांतून फोटो काढा, एकात तरी विहीर किंवा डीपी अशी कायमची खूण येऊ द्या. घड पाऊण भरले असतील तर वेफर्सवाल्यांना विचारा. व्यापारी आज पडेल भावच सांगणार. विकलात तर काट्याची पावती जपा.

नुसती कललेली झाडं वेगळी धरा. मुळं शाबूत असली तर आजच बांबूचा टेकू द्या, दोन दिवस थांबलात तर तीही जातील. मोडलेली मात्र पाहणी झाल्यावरच बुडातून कापा आणि तलवारीसारख्या अरुंद पानांचं एकच जोमदार पील (बुडातून फुटलेला कोंब) ठेवा. पिलबाग, म्हणजे त्या पिलांवरच पुढची बाग धरली की नव्या रोपांचा खर्च वाचतो. हरण्या हा विषाणूजन्य रोग दिसला होता त्या झाडाचं पील मात्र अजिबात नको.

धागाकर्ता: मजूर टेकू द्यायला लावले. सहाशेच्या आसपास झाडं उभी राहतील असं आप्पा म्हणतात. बांधावरचे घड वेफर्सवाला उद्या बघायला येतोय. एकच राहिलं, पश्चिमेच्या बांधाला वाऱ्याआड म्हणून शेवरी लावायची आहे, पण शेजारचे काका सावलीने कपाशी दबेल म्हणून अडून बसलेत.

यावलचा केळीवाला: बांधावर नकोच. आपल्या हद्दीत चार-पाच फूट आत दाट ओळ लावा आणि वरचेवर छाटत राहा. पाला बकऱ्या खातात. काकांकडे बकऱ्या आहेत का?

धागाकर्ता: आहेत की. सात.