तयार होल पाडलेला ए-फोर कागद (कॉम्ब, म्हणजे प्लॅस्टिकच्या फणीच्या बाइंडिंगसाठी) : कुणी वापरलाय का?

वाशिष्ठीकाठ
नमस्कार मंडळी. चिपळूणला आमचं मालमत्ता मूल्यांकनाचं छोटं ऑफिस आहे. साहेब, मी आणि दीपाली, बास. बँकांना महिन्याला साधारण ४० रिपोर्ट जातात, प्रत्येकाच्या दोन प्रती, एका प्रतीत सरासरी ४५ कागद. म्हणजे ३६०० कागदांना होल पाडायचे. जुनं मशीन जुलै २०२१ च्या पुरात गेलं. नंतर घेतलेल्या हातमशीनवर '१५ कागद' छापलंय, पण दहाच्या वर एक कागद घातला की दांडा परत वर येत नाही, दोघींनी मिळून ओढावा लागतो. दीपाली आता मनगटाला पट्टा बांधून येते.

मुंबईचा एक व्यापारी २१ होल आधीच पाडलेला ए-फोर, ७५ जीएसएम (चौरस मीटरला ७५ ग्रॅम वजनाचा), ४३० रुपये रीमने (५०० कागद) देतो म्हणतोय. साधा कागद आम्हाला २९० ला पडतो. कागदाचं बजेट महिन्याला ३५००, त्यात आठ रीम कशाबशा बसतात. असा कागद प्रिंटरमध्ये अडकतो का? ७५ पुरेल की ८० घ्यावा?

नवीन मशीन सुचवू नका प्लीज, साहेब नाही म्हणालेत.

पेठकरी
इलेक्ट्रिक मशीन घ्या. विषय संपला. आम्ही तीन वर्षांपूर्वी घेतलं, एका दमात २५ कागद, पायाने पेडल दाबायचं की खटॅक. चाळीस हजाराच्या आत बसलं. आमच्या ऑफिसात आता शिपाईसुद्धा भांडतात मी पंच करतो म्हणून. स्वस्तातलं घेऊन रडण्यापेक्षा एकदाच काय ते करा.

वाशिष्ठीकाठ
पेठकरी, माझी शेवटची ओळ वाचलीत का?

पेठकरी
वाचली. साहेबांना हा प्रतिसाद दाखवा.

निष्कागद
मुळात २१ व्या शतकात रिपोर्ट छापायचाच कशाला? डिजिटल सहीची पीडीएफ मेल करा. झाडं वाचतील आणि दीपालीताईंचं मनगटही.

वाशिष्ठीकाठ
पीडीएफ जातेच हो. पण शाखेत कर्जाच्या फाइलला लावायला छापील प्रत मागतात, तीही बाइंड केलेली. सुटे कागद दिले तर 'मॅडम, हे असं चालत नाही' म्हणून परत पाठवतात.

दप्तरदार_निवृत्त
आम्ही ३४ वर्षं महसूल खात्यात काढली. कधी कॉम्ब नाही की वायरो (तारेचं बाइंडिंग) नाही. दाभण, मेण लावलेला पांढरा दोरा, तीन टाके. कागद कितीही असोत. वर लाल रुमालात गठ्ठा बांधला की नातवंडं आली तरी पान सुटायचं नाही. हल्लीच्या प्लॅस्टिकच्या फण्या उन्हात दोन वर्षांत तडकतात.

स्पायरल_सम्राट_सांगली
काकांचं खरं आहे, फण्या तडकतात. म्हणून स्पायरल करा ताई. माझं झेरॉक्सचं दुकान आहे, परीक्षेच्या दिवसांत रोज दीडशे प्रोजेक्ट बांधतो. स्पायरल चुरगळली, पिशवीत कोंबली, तरी परत जागेवर येते. फणीची दोन बोटं वाकली की वही दात पडल्यासारखी दिसते. आणि तुमच्या गावातल्या दुकानदाराला ठोक रेट विचारा, एवढं काम बाहेर दिलं तर तो सोडेल होय?

वाशिष्ठीकाठ
स्पायरलचा विचार केला होता. पण बँक कधी एक पान बदलायला लावते, कधी एक जोडपत्र वाढवायला. कॉम्ब मशीनवर उघडून पान घालून परत मिटता येते. स्पायरल पिळून काढावी लागते. आणि बाहेर कसं देणार, लोकांची खरेदीखतं असतात त्यात.

डॅलसची_अनघा
इथे होल पाडलेला पेपर कुठल्याही स्टोअरमध्ये रॅकवर पडलेला असतो, पाचशेचं पॅक, काही त्रास नाही! मी गेल्या वेळी येताना भावाच्या ऑफिससाठी चार पॅक आणले, बॅगेत दुसरं काही नेता आलं नाही. आल्यावर कळलं की तो लेटर साइज, १९ होलचा. भारतात ए-फोर, २१ होलचा. लेटर रुंद पण आखूड, त्यामुळे फायलीतून बाजूने बाहेर यायचा आणि वरून कमी पडायचा. भाऊ अजून बोलून दाखवतो.

गाऊनवाले_नागपूर
ए-फोरच चालतो आता. सुप्रीम कोर्टानेसुद्धा १ एप्रिल २०२० पासून ए-फोर केला, किमान ७५ जीएसएम, दोन्ही बाजूंनी छपाई, डावी-उजवीकडे ४ सेंटिमीटर समास. त्याआधी आम्ही लीगलवर (ए-फोरपेक्षा लांब कागद) एकाच बाजूने छापून अर्धं जंगल संपवलं. बाइंडिंगचं म्हणाल तर वरच्या डाव्या कोपऱ्यात एक होल आणि दोरीचा टॅग. खर्च काही रुपये.

दप्तरदार_निवृत्त
वकीलसाहेब, हिरव्या लेजर पेपरची सर ए-फोरला नाही. तो कागद हातात घेतला की वजन कळायचं. हल्लीचा ७० जीएसएम म्हणजे पापड.

गाऊनवाले_नागपूर
काका, तो पापड नसून रुमाली रोटी आहे. पण लेजर पेपर टायपिस्टने किती वाया घालवला याचा हिशेब आमच्या सीनिअरनी मरेपर्यंत ठेवला होता.

निष्कागद
पीडीएफमध्ये हिशेब ठेवावा लागत नाही.

पेठकरी
ए-फोर की लीगल हा प्रश्नच नाहीये धाग्याचा. इलेक्ट्रिक मशीनमध्ये दोन्ही बसतात.

टोनरवाला_कोल्हापूर
ताई, मी अठरा वर्षं कॉपिअर दुरुस्त करतोय, जरा बैजवार सांगतो.

आधी होलचं. नुसतं 'होलवाला कागद' मागू नका. कॉम्बला ए-फोरवर २१ चौकोनी होल. वायरोला पातळ कामाला ३४, जाड कामाला २३. बॉक्स फाइलला दोनच, ८० मिलीमीटर अंतरावर. व्यापाऱ्याने २३ किंवा ३४ वाला पाठवला तर तुमच्या फणीत जन्मात बसणार नाही, आणि फोडलेली रीम कोण परत घेत नाही.

कागद अडकतो का? होलमुळे कमी, होलच्या कचऱ्यामुळे जास्त. पंच करताना निघालेले तुकडे पूर्ण झटकलेले नसतात, ते रोलरवर जाऊन बसतात. शिवाय होलच्या कडेला बारीक कुसळ राहतं, त्यानं दोन कागद एकमेकांत गुंततात आणि मशीन दोन-दोन ओढतं. म्हणून रीम ट्रेत घालण्याआधी होलची बाजू खाली धरून टेबलावर आपटायची, मग पत्त्यांसारखी चारी बाजूंनी फुंकर घालत मोकळी करायची. सांगलीत एका गिऱ्हाइकाचं मशीन उघडलं तर आत मूठभर चौकोनी तुकडे. ते म्हणाले, उंदीर आहेत.

दुसरं, छपाई होलवर येता कामा नये. कागदच नाही तिथं टोनर बसणार कुठं? तो खालच्या रोलरवर पडतो आणि पुढच्या पानाच्या पाठीवर काळे चौकोन उमटतात. डावीकडे २० मिलीमीटर समास ठेवा. दोन्ही बाजूंना छापत असाल तर मिरर मार्जिन (मागच्या बाजूला समास उजवीकडे) लावा, नाहीतर मागच्या पानाचा मजकूर होलमध्ये जातो.

तिसरं, मोठ्या कॉपिअरमध्ये ए-फोर आडवा जातो, तेव्हा होलची बाजू मागं राहील असा ठेवा. पुढची कड सेन्सरखालून जाताना होल आले तर कागद वाकडाय असं मशीनला वाटू शकतं. टेबलावरचा छोटा प्रिंटर असेल तर कागद उभाच जातो, होल बाजूला राहतात. एका कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलनं खूण करून दोन्ही बाजू छापून बघा, कळतं लगेच कसा ठेवायचा ते.

७५ पुरतो. ८० घ्यायची गरज नाही.

स्पायरल_सम्राट_सांगली
ते उंदीरवालं गिऱ्हाईक मी नव्हे, आधीच सांगतो.

कोरा_कागद_७
मशीनमध्ये अडकू शकतो. आधी रीम मोकळी करून घ्या. आणि २१ होलचाच मागा, ३४ चा वायरोचा असतो. माझ्या अनुभवातून सांगतोय.

टोनरवाला_कोल्हापूर
बरोबर आहे, वर मी तेच लिहिलंय.

कोरा_कागद_७
हो का, वर वाचलं नव्हतं. +१.

मंडणगडची_माई
ताई, कोकणातल्या म्हणून सांगते. जूनमध्ये हा कागद साठवू नका. आमच्या पतसंस्थेने एकदम २० रीम घेऊन ठेवल्या होत्या, होलवाल्याच. जुलैत उघडल्या तर होलची बाजू फुगून लाटांसारखी. साध्या रीमची निदान चारी कडा सरळ कापलेल्या असतात. यात २१ ठिकाणांहून दमट हवा आत. कपाटात १५ वॅटचा बल्ब लावून वाळवला, तेव्हा कुठे चालला. लागेल तशी एकेक रीम फोडा, उरलेल्या कंपनीच्या वेष्टनातच राहू देत.

आणि मला एक कळत नाही, तुमच्या रिपोर्टला जोडपत्रं असतीलच ना? सातबारा, आठ-अ, मंजूर नकाशा, खरेदीखताची झेरॉक्स? त्यांना होल कोण पाडणार? वरचं प्लॅस्टिक आणि मागचा जाड कागद? मशीन सुटत नाहीच.

वाशिष्ठीकाठ
माई, हे मात्र डोक्यातच आलं नव्हतं. आत्ता मोजलं. ४५ पैकी २६ आमची स्वतःची छपाई, त्यात फोटोंची पानं धरली. बाकी १९ मध्ये आठेक आम्हीच कॉपी करतो, उरलेल्या पानांची झेरॉक्स लोक स्वतःच आणून देतात आणि तीही लीगलवर, खालून दुमडलेली. नकाशा तर ए-थ्रीच.

टोनरवाला_कोल्हापूर
माई बोलल्या ते बरोबर. खरेदीखतं होलच्या कागदावर कॉपी करूच नका, जुन्या दस्तात मजकूर पार कडेपर्यंत असतो, गट नंबरच होलमध्ये जायचा. कॉपी करायचीच तर लहान करून उजवीकडे सरकवा. माझं मत विचाराल तर तयार कागद घेऊ नका. हातमशीनची पाती बोथट झाली असतील, धार लावून घ्या, फरक पडेल.

पेठकरी
म्हणजे फिरून मशीनवरच आलो ना?

गाऊनवाले_नागपूर
टॅग.

दप्तरदार_निवृत्त
दाभण पाठवतो, पत्ता विपुत (माझ्या विचारपुशीत) टाका.

वाशिष्ठीकाठ
(दीड महिन्यानंतर धागा वर काढतेय.)

सगळ्यांनी नको म्हटलं तरी पाच रीम मागवल्या. कारण पाती धार लावायला दिली तर मशीन चार दिवस नाही, आणि तेव्हाच साहेबांनी एका दिवसात नऊ रिपोर्ट घेतले.

अडकला नाही. पहिल्या रीमला दोनदा जोडीने ओढला, मग टोनरवाले दादांनी सांगितलं तसं आपटून आणि फुंकर घालून ठेवते. फरशीवर पांढऱ्या टिकल्यांचा सडा पडतो, दीपाली रोज झाडते. काळे चौकोन एकदाच आले, फोटोच्या पानावर समास शून्य राहिला होता.

घोळ वेगळाच झाला. तयार कागदाचे होल कडेपासून साधारण ५ मिलीमीटर आत आहेत आणि आमचं मशीन ३ वर पाडतं. त्यामुळे आमची पानं एका रांगेत आणि जोडपत्रं २ मिलीमीटर बाहेर. पहिल्या तीन रिपोर्टची कड जिन्यासारखी दिसत होती. साहेबांनी चष्मा काढून पाहिलं, काही बोलले नाहीत, फक्त ती प्रत ऑफिसची म्हणून ठेवली आणि बँकेची परत करायला लावली. मग दीपालीनेच मशीनच्या मागे समासाचं बटण शोधलं, इतकी वर्षं ते फिरतं हेच माहीत नव्हतं. ते ५ वर आणलं, रांग जुळली.

आता फक्त आमची २६ पानं तयार कागदावर, बाकीची १९ हाताने. म्हणजे तयार कागद महिन्याला चारसवाचार रीम, बाकी साधा. खर्च तीन हजाराच्या आत आला. मनगटाचा पट्टा अजून आहे, पण तो शुक्रवारी काढते म्हणाली. पाती मात्र धार लावून आली. आता बारा कागद जातात.

पेठकरी
बारा. आमचं पंचवीस.

मंडणगडची_माई
समासाचं बटण आमच्याही मशीनला आहे का ते उद्या बघते. पाच रीममधल्या किती उरल्या? पाऊस तोंडावर आलाय.

वाशिष्ठीकाठ
दोन. वेष्टनातच आहेत, पहिल्या मजल्यावर. तळमजल्यावर आता आम्ही काहीच ठेवत नाही.

डॅलसची_अनघा
तीन पॅक अजून भावाकडे पडून आहेत. लेटर, १९ होल. कुणाला हवे असतील तर दादर ईस्टवरून उचला, पैसे नकोत.