सी मायनसने पास, तरी रायटिंग रिक्वायरमेंट अपूर्ण?

पानफुटी: अमेरिकेत इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष, एफ-१ (विद्यार्थी) व्हिसा. फर्स्ट-इयर कॉम्पोझिशनला (पहिल्या वर्षाचा लेखनाचा कोर्स) सी मायनस आला. ट्रान्स्क्रिप्टवर ३ क्रेडिट जमा आहेत, पण डिग्री ऑडिटमध्ये (पदवीच्या कोणत्या अटी पुऱ्या झाल्या ते दाखवणारा तक्ता) रायटिंगपुढे 'नॉट सॅटिस्फाइड' दिसतंय. समरला कम्युनिटी कॉलेजात ऑनलाइन कोर्स केला तर भागेल? की क्लेप (कोर्स न करता क्रेडिट मिळवून देणारी परीक्षा) द्यावी?

टाकबोरू: क्रेडिट मिळणं वेगळं, रिक्वायरमेंट पुरी होणं वेगळं. सी मायनस (१.७) एकूण क्रेडिटमध्ये धरतात, रायटिंगसाठी मात्र बऱ्याच ठिकाणी किमान सी (२.०) लागतो. फ्लोरिडा विद्यापीठात २४,००० शब्दांची अट आहे. तिथे कोर्सला सी मिळूनही लेखनाचा भाग असमाधानकारक ठरला तर ते शब्द जमा होत नाहीत.

तेव्हा आधी तुमच्या कॅटलॉगमधली अट शब्दशः वाचा: किमान ग्रेड किती, पास/नो पास चालतं का, बाहेरचा कोर्स घेतात का. एकदा प्रवेश घेतल्यावर बाहेरून केलेलं कॉम्पोझिशन काही विद्यापीठं घेतच नाहीत.

घेत असतील तर फी भरण्याआधी सिलॅबस जोडून प्री-अप्रूव्हल मागा, आणि लेखीच घ्या. ॲडव्हायजरच्या तोंडी 'हो'ला ऑडिट विचारत नाही. युनिट्सही तपासा. क्वार्टर पद्धतीचे (सेमिस्टरपेक्षा छोटी सत्रं) ४ म्हणजे सेमिस्टरचे २.६७, अट 'सेमिस्टरचे ३' असेल तर उरलेल्या ०.३३ वर घोडं अडू शकतं. ट्रान्स्क्रिप्ट फायनल ग्रेड चढल्यावरच पाठवायला सांगा, नाहीतर 'इन प्रोग्रेस' लिहिलेला जातो आणि पुन्हा पैसे भरा.

दीडशहाणा: जीपीएही (ग्रेडची सरासरी) बघा की. बाहेरच्या कोर्सचं क्रेडिट येतं, ग्रेड सहसा जीपीएत धरत नाहीत; म्हणजे १.७ तसाच राहणार. तुमच्याकडे ग्रेड रिप्लेसमेंट (जुन्या ग्रेडच्या जागी नवी धरणं) असेल तर तोच कोर्स तिथेच रिपीट करणं फायद्याचं. ३० क्रेडिट झाली असतील आणि सी मायनसच्या जागी बी आला, तर जीपीए ०.१३ ने वर जातो.

क्लेपच्या नादी लागू नका. कॉलेज कॉम्पोझिशनच्या पेपरात बहुपर्यायी प्रश्न आणि दोन निबंध, सगळं १२५ मिनिटांत. ते जमेलही, पण जो कोर्स आधीच घेतलाय त्याचं क्लेप क्रेडिट अनेक विद्यापीठं देत नाहीत.

सहीशिक्का: व्हिसाचं राहिलं. समर ही तुमची अधिकृत सुट्टी असेल तर किमान क्रेडिटची अट नाही, ऑनलाइन चालतं. नियमित सत्रात १२ क्रेडिटच्या फुल-टाइममध्ये ऑनलाइनचा एकच वर्ग, तोही ३ क्रेडिटपर्यंत धरतात. रिपीट केलेला कोर्स मध्येच सोडून १२ च्या खाली जायचं असेल तर आधी डीएसओची (कॉलेजातला परदेशी विद्यार्थ्यांचा व्हिसा बघणारा अधिकारी) परवानगी; नंतर विचारून उपयोग नाही.

टाकबोरू: रिपीट करणार असाल तर आणखी एक. सी मायनस बहुतेक वेळा इंग्रजीमुळे येत नाही. कच्चे ड्राफ्ट आणि पिअर रिव्ह्यू (एकमेकांचं लेखन तपासणं) यांना वेगळे गुण असतात, ते बुडालेले असतात. दुसरं कारण सारांश. 'लेखक म्हणतो', 'पुढे लेखक म्हणतो' असे परिच्छेद गेले की रुब्रिकमधला (गुण कशाला किती, त्याचा तक्ता) आर्ग्युमेंटचा रकाना रिकामा राहतो. प्रत्येक परिच्छेदाचं पहिलं वाक्य तुमच्या दाव्याचं हवं, लेखकाचं अवतरण त्यानंतर, आणि अवतरणानंतर 'मग यातून काय निघतं' हे निदान दोन वाक्यांत. रायटिंग सेंटरला जाताना प्रॉम्प्ट (निबंधाचा दिलेला प्रश्न) आणि रुब्रिक दोन्ही न्या. ते व्याकरण दुरुस्त करून देत नाहीत, पण दावा कुठे निसटतोय ते बरोबर दाखवतात. सबमिशनच्या आदल्या दिवशी मात्र जाऊ नका; नव्याने लिहायला वेळच उरत नाही.