नगरपरिषदेचं गार्डन आणि त्यात कार्यक्रमाचा हॉल: पैसा कुठून आणतात?

पाटाकडेचा:
आमची क वर्ग नगरपरिषद, पश्चिम महाराष्ट्र, गावाचं नाव मुद्दाम टाकत नाही. डीपीत, म्हणजे शहराच्या विकास आराखड्यात, बगीच्याचं आरक्षण असलेली दोन एकर जागा आहे, वर्षानुवर्षं तिथे बाभळी आणि बाजाराच्या दिवशी टेम्पो, बाकी काही नाही. आता अचानक सगळ्यांना जाग आलीय. एका गटाला पाचशे माणसाचं सांस्कृतिक भवन पाहिजे, लग्न, बारसं, शाळेचं गॅदरिंग सगळं तिथंच, कारण खासगी कार्यालयांची भाडी परवडत नाहीत, जे खरंच आहे. आम्हा सकाळी चालणाऱ्यांना गार्डन पाहिजे, सध्या हायवेच्या कडेने जीव मुठीत धरून चालतो. साहेब म्हणतात दोन्ही करू, हॉलच्या भाड्यात गार्डन चालेल. ऐकायला झकास, पण पैसा नक्की कुठल्या हेडमधून, म्हणजे कुठल्या निधीतून, येतो आणि गार्डनच्या आरक्षणात हॉल बसतो का? नागरिक समितीत मला घेतलंय, पुढच्या आठवड्यात मीटिंग आहे, तिथे काय विचारू?

गुंठामास्तर:
पैशाचं नंतर, आधी कागद काढा. डीपीचा भाग नकाशा आणि त्या जागेच्या गट नंबरचा सातबारा. आरक्षण पडलं म्हणजे जागा नगरपरिषदेची झाली असं नसतं, हे भल्याभल्यांना माहीत नसतं.
दुसरं, तुमच्याकडे कोणीतरी १५ टक्के बांधकाम चालतं असं सांगेल. तो नियम लेआउटमधल्या ओपन स्पेसचा आहे, २०२० च्या युडीसीपीआर या राज्याच्या बांधकाम नियमावलीतला, एकूण १५ टक्के आणि त्यातलं तळमजल्यावर १० च्या वर नाही. डीपी आरक्षण ही वेगळी गोष्ट, तिथे आरक्षणाचा वापरच बदलायचा तर एमआरटीपी या नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली फेरबदल, हरकती सूचना, शासनाची मंजुरी, वेळ जातो. तरी हिशेबापुरते तेच १० टक्के धरा, ८० गुंठ्यात ८ गुंठे, म्हणजे साधारण ८,७०० स्क्वेअर फूट. हॉल त्यात बसेल हो, पण पाचशे माणसांच्या गाड्या, स्वैपाकाची शेड, जनरेटर, आचाऱ्याचा टेम्पो वळायला जागा, हे नकाशात कोणी काढत नाही. गार्डन संपतं ते पार्किंगमध्ये, हॉलमध्ये नाही.
बंगलोरला पार्कची जागा खासगी हॉस्पिटलला दिली होती ती सुप्रीम कोर्टाने १९९१ मध्ये रद्दच ठेवली, बंगलोर मेडिकल ट्रस्टची केस, कोणी फार ताणलं तर एवढं नाव घ्या.

निधीपुराण:
हेडचं सांगतो. क वर्गाला स्वतःच्या टॅक्समधून हे झेपत नाही, पगार भागले तरी खूप. मग राज्य सरकारचा वैशिष्ट्यपूर्ण कामांचा निधी, नगरोत्थान योजना, जिल्हा वार्षिक योजना, तिन्हीला वजन लावावं लागतं. आमदार फंड वर्षाला ५ कोटी, खासदार फंडही ५ कोटी, पण तो अख्ख्या मतदारसंघाला, तुमच्या वाट्याला तुकडा येणार. केंद्राची अमृत २.० योजना सगळ्या शहरांसाठी आहे पण भर पाण्यावर, शेजारी तळं असेल तर विचारा. गावाकडचे पाहुणे २५१५ मधून आणा म्हणतील, ते ग्रामविकासचं हेड आहे, तुम्हाला नाही.
आता खरी मेख. पैसा तुकड्यातुकड्याने येतो आणि पहिल्या तुकड्यात काय होतं? कंपाउंड आणि कमान. कमानीवर नावं. दुसऱ्यात हॉलचे कॉलम, मग निवडणूक, मग कॉलमच्या सळया गंजत उभ्या. म्हणून प्रत्येक टप्पा तेवढाच वापरता आला पाहिजे असा प्लॅन मागा, आधी ट्रॅक, झाडं, लाईट, पाणी, संडास, हॉल शेवटी.
सीएसआरवाले, म्हणजे सामाजिक कामाला पैसा देणाऱ्या कंपन्या, बिल्डिंगला सहसा हात लावत नाहीत, खेळणी, झाडं, सोलर मागा. मध्ये ट्रस्ट असेल तर त्याचं सीएसआर-१ रजिस्ट्रेशन आहे का बघा, २०२१ पासून ते लागतंच.

ताईसाहेब_चिंचवाडी:
मी अशाच एका हॉलच्या भिंतीला भिंत लावून राहते त्यामुळे माझं मत कडू आहे. लग्नाच्या दिवशी गार्डनचं गेट बंद, कारण वऱ्हाडाच्या गाड्या आत. द्रोण-पत्रावळ्या झोपाळ्याखाली. त्यापेक्षा पायऱ्यांचा खुला रंगमंच करा, वर नुसतं पत्र्याचं छप्पर, शाळेचं गॅदरिंग, भजन, व्याख्यान सगळं होतं, आणि लग्नाला कोणी मागत नाही हा सगळ्यात मोठा फायदा 😄

गुंठामास्तर:
@ताईसाहेब, आवाजाच्या बाबतीत उलटं आहे बघा. २००० च्या ध्वनी नियमांत रात्री १० नंतर उघड्यावर स्पीकर बंद, बंद हॉलला आतल्या आत सूट. बाहेर आवाज गेला तर तक्रार करता येते, पण खुल्या रंगमंचाचा आवाज दहापर्यंत तुम्हालाच ऐकायचाय.

ताईसाहेब_चिंचवाडी:
दहापर्यंत भजन चालेल. डीजेचं काय ते बोला.

पाटाकडेचा:
सगळ्यांना धन्यवाद. हॉलच्या भाड्यात गार्डन चालतं का, यावर कोणीच बोललं नाही?

निधीपुराण:
कागदावर चालतं. मुहूर्त मोजा, चातुर्मासात हॉल रिकामा, भाडं लोकांना परवडावं म्हणून कमी ठेवणार, त्यातून दोन वॉचमन, माळी, लाईटबिल, हॉलचीच गळती. आणि आलेलं भाडं नगरपरिषदेच्या एकूण फंडात जातं, गार्डनला म्हणून कोणी बाजूला ठेवत नाही. ठेवायचं असेल तर आधी सभेत ठराव, बजेटमध्ये वेगळं हेड. ठेकेदाराला चालवायला देणार असतील तर सकाळ-संध्याकाळ गेट उघडं राहील ही अट टेंडरमध्येच पाहिजे, नंतर कोणी ऐकत नाही.

पाटाकडेचा:
सातबारा काढला. अजून तिघा भावांचीच नावं आहेत. नगरपरिषदेचं कुठेच नाही.

गुंठामास्तर:
मग हॉलचा विषय सध्या बाजूला ठेवा. डीपी मंजूर होऊन १० वर्षं झाली का, आणि मालकांनी एमआरटीपीच्या कलम १२७ ची, जागा घ्या नाहीतर सोडा अशी, नोटीस दिलीय का, मीटिंगमध्ये हे दोनच प्रश्न, लेखी. नोटीस दिली असेल तर २४ महिन्यात संपादनाची पावलं उचलावी लागतात, नाही उचलली तर आरक्षण जातं आणि तिथे प्लॉट पडतात. पैसे देऊन घ्यायची तर २०१३ च्या भूसंपादन कायद्याने शहरात बाजारभावाच्या दुप्पट, तुमच्या हॉलच्या एस्टिमेटपेक्षा जास्त होईल कदाचित. पैशाऐवजी टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क, देता येतो पण छोट्या गावात तो विकत घेणार कोण. तिघांपैकी एखादा ओळखीचा असेल तर मीटिंगच्या आधी चहाला बोलवा, नोटीस गेलीय की नाही ते ऑफिसपेक्षा तोच लवकर सांगेल.