मदत हवी आहे: पोरं टिकत नाहीत, कारखान्यातलं वातावरण कसं सुधारावं?

नमस्कार मंडळी. शिरोली एमआयडीसीत आमची छोटी फाउंड्री (वितळलेला धातू साच्यात ओतून भाग बनवायचा कारखाना) आहे, साठेक माणसं. पगार वेळेवर, ओव्हरटाइम कायद्याप्रमाणे दुप्पट, तरी फेटलिंगमधली (ओतलेला माल घासून साफ करायच्या कामातली) नवी पोरं टिकत नाहीत. परवा एकजण सोडून जाताना म्हणाला, "पगाराचं काय नाही ओ, पण रोज चारचौघांत आईबहिणीवरनं ऐकून घ्यायचं कशाला?"

रोख आमच्या सुपरवायझर मामांवर आहे. माणूस हाडाचा कारागीर. ब्लो होल (मालात वायू अडकून पडलेलं भोक) साच्याच्या वाळूतल्या ओलाव्यानं आला की व्हेंटिंग (वायू बाहेर जायची वाट) कमी पडल्यानं, हे कास्टिंग, म्हणजे ओतलेला भाग, बघूनच सांगतात. पण रिजेक्शन (नापास माल) निघालं की आधी शिव्या, कारण नंतर. त्यामुळं पोरं खराब माल लपवतात आणि तो मशीनिंगला गेल्यावर कळतो. मामांना काढायचं नाहीये (वडिलांच्या काळापासूनचे आहेत, आणि तसा माणूस मिळणारही नाही). त्यांचा मान राखून हे थांबवायचं कसं? अशा जुन्या माणसाला फक्त शिकवायचं काम देऊन कुणी बघितलंय का?

दुसरं, कोअर शॉपमध्ये (साच्यात ठेवायचे वाळूचे गाभे बनवतात तिथं) बायका आहेत. २०१३ च्या कायद्यानं दहा किंवा जास्त माणसं असली की लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती लागते, तिच्यात बाहेरची एक व्यक्तीही. कोल्हापुरात असं जाणकार माणूस कुठं मिळेल?

आणि "पार्टी ठेवा, तांबडा-पांढरा घाला" हा सल्ला नको, ते दरवर्षी होतंच.