‘काळी’, ‘सावळी’ की ‘कृष्णवर्णी’?

अनुवादिका : किशोरवयीन मुलींच्या आत्मप्रतिमेविषयीच्या एका लेखाचा अनुवाद करीत आहे. त्यातील मुलगी आपल्या रंगाबद्दल आडपडदा न ठेवता बोलते, म्हणून मी ‘मी काळी आहे’ असे लिहिले. संपादकांनी तेथे ‘सावळी’ केले. त्याने तिच्या बोलण्यातील धार जाते, आणि ‘कृष्णवर्णी’ असे तर कोणतीच मुलगी बोलत नाही. काय योजावे?

गोदातीर : संपादकांशी मी सहमत आहे. ‘श्यामल’पासून आलेला ‘सावळा’ विठ्ठलाला शोभतो, तर मुलीला का शोभू नये?

वाचक_सातारा : विष्णुदास नामा यांच्या गौळणीत रात्र, घागर आणि यमुनेचे पाणी काळे आहे, आणि कृष्णमूर्तीही ‘बहु काळी’ आहे. काळेभोर केस आपण कौतुकाने वाखाणतो आणि काळ्या जमिनीला चांगला भाव येतो. मग हाच शब्द त्वचेला लावताना शिवी होत असेल, तर दोष शब्दाचा नाही. ‘काळी’च ठेवावे.

मृदगंध : तत्त्व म्हणून हे पटते, पण ज्या मुलीला हाक म्हणूनच ‘काळे’ ऐकावे लागले, तिला ते कसे पटावे? विवाह मंडळाच्या अर्जात ‘वर्ण’ या रकान्यात गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा एवढेच पर्याय असत, ‘काळा’ नसेच. माझ्या आत्याच्या अर्जात आजोबांनी ‘गव्हाळ’ लिहिले होते. पाहुणे दारात आले की आपले खोटे आता उघडे पडणार असे तिला वाटे, आणि नकार आला की तो रंगामुळेच आला असे ती धरून चाले. पुढे ती नोकरीत मोठ्या पदावर गेली, तरी छायाचित्र काढताना मागच्या रांगेतच उभी राहते.

शब्दवेध : ‘निमगोरा’ हा संकर मुळातच टाळावा, त्यातील ‘निम’ फारसी आहे. ‘ईषद्गौर’ म्हणता येईल.

वाचक_सातारा : संस्कृतातही ‘नेम’ म्हणजे अर्धा. शिवाय ‘निमशहरी’, ‘निमसरकारी’ यांना आपण काय करणार?

शब्दवेध : अर्थ जुळला म्हणजे व्युत्पत्ती सिद्ध होत नाही. ‘निमसरकारी’ची दोन्ही पदे फारसी आहेत, तेथे संकराचा प्रश्नच नाही.

अनुवादिका : माझा प्रश्न ‘निमगोरा’विषयी नव्हता.

गोदातीर : तरीही शब्द बदलल्याने दृष्टी बदलते, असे मला वाटते. 1975 पासून ‘फेअर अँड लव्हली’ या नावाने विकल्या जाणाऱ्या मलमाच्या नावातील ‘फेअर’ 2020 मध्ये वगळावेच लागले.

मृदगंध : त्याच्या जागी ‘ग्लो’ आले, आणि आपल्याकडे ‘उजळ’ हा शब्द तर ‘गोरी’ न म्हणता गोरीच मागण्यासाठी कधीपासून वापरला जातो. अनुवादिकाताई, ती मुलगी हा शब्द दुसऱ्याचा म्हणून सांगते की स्वतःचा म्हणून? दुसऱ्याचा असेल तर ‘मला काळी म्हणतात’ असे लिहा. स्वतःचा असेल, तर तो बदलण्याचा अधिकार संपादकांना नाही.

शब्दवेध : ‘गव्हाळ’ मात्र निर्विवाद देशी आहे. तो ‘गहू’पासून की ‘गोधूम’पासून थेट, एवढेच पाहायला हवे.