मदत हवी आहे : रत्नागिरीजवळ सूर्योदयाच्या कॉस्प्ले शूटसाठी किनारा (तातडीने)

आडवाट
येत्या शनिवारी पहाटे बहिणीचं कॉस्प्ले शूट, म्हणजे एका पात्राच्या वेशात फोटो, करायचं आहे. समोर ती, मागे समुद्र आणि उगवता सूर्य. रत्नागिरीपासून तासाभरात पोचता येईल आणि गर्दी नसेल असा किनारा सुचवा. पोशाख तिने तीन महिने खपून शिवलाय. सुट्टी एकच दिवस आहे. कृपया शोधून बघा म्हणू नका, तीन रात्री तेच चाललंय.

तिसरी_फ्रेम
पात्र कोणतं? कॅमेरा, लेन्स? फ्लॅश आहे का? सूर्य पाठीमागे असेल तर चेहरा काळाच येणार. ८५ मिमीची लेन्स आणि चेहऱ्यावर उजेड परतवायला थर्मोकोलचा पांढरा पत्रा, यावर माझी कितीतरी शूट्स झाली आहेत.

गुहागरी
आरे-वारे जवळ आहे, पण गर्दी असते. जयगडहून फेरीबोटीने तवसाळला उतरा आणि सरळ गुहागर गाठा. एवढा लांब, स्वच्छ किनारा आणि सुरूचं बन दुसरीकडे नाही.

सड्यावरचा
गुहागर तासाभरात होत नाही. आणि मूळ मुद्दा कुणीच बोलत नाहीये : आपला समुद्र पश्चिमेला आहे. सूर्य डोंगरामागून उगवतो आणि समुद्रात मावळतो. हवं ते चित्र इथे एकाही किनाऱ्यावर मिळणार नाही.

आडवाट
हे डोक्यातच आलं नाही. आता काय? पात्र नेझुको, डिमन स्लेअर या जपानी ॲनिमेमधली. ती राक्षस झालेली असते, ऊन लागलं की जळणार. तलवारी घडवणाऱ्यांच्या गावाच्या कथेत शेवटी सूर्य उगवतो आणि ती उन्हात उभी राहते, जळत नाही. तोच क्षण हवाय, म्हणून सूर्योदय.

तिसरी_फ्रेम
मग सूर्यास्ताला काढा. फोटोत उगवता की मावळता, कुणाला कळतं?

पहाटतारा
बहिणीला कळतं ना. शिवाय त्या प्रसंगात समुद्र नाहीच! मोकळं रान आणि गवत आहे. तीन महिने शिवलेला किमोनो वाळूत कशाला लोळवायचा? आणि किमोनोची डावी बाजू उजवीवर येऊ द्या. उलटं फक्त मृताला नेसवतात. ही चूक फार फोटोंत दिसते आणि मला दर वेळी वाईट वाटतं.

वाळूचा_खडा
किनाराच हवा असेल तर तिथी बघा. तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ : चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. संध्याकाळी ओल्या वाळूत प्रतिबिंब हवं असेल तर पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास या, तेव्हा साडेपाच-सहाला ओहोटी असते. माझ्या वडिलांनी आम्हाला घड्याळाआधी हे शिकवलं. हल्ली मुलं ॲप बघतात आणि भांग (अष्टमीच्या सुमाराची लहान भरती) आणि उधाण (पौर्णिमा-अमावस्येची मोठी भरती) यातला फरक विचारला की गप्प बसतात.

आडवाट
काका, माहितीबद्दल आभार, पण आम्ही पहाटेच येणार. गवताळ मोकळी जागा आहे का जवळ?

सड्यावरचा
सडा, म्हणजे कातळाचं उघडं पठार! डिसेंबरात कातळावरचं गवत वाळून सोनेरी होतं. पूर्वेला आडकाठी नसली की सह्याद्रीवरून येणारं पहिलं ऊन थेट गवताच्या टोकांवर पडतं. सूर्य सातच्या सुमाराला येतो, पूर्वेपेक्षा जरा दक्षिणेकडून. त्या वेळी मतलई वारा मंद असतो. किनाऱ्यावरचे खारे वारे दुपारी जोर धरतात, त्यात लांब विगचा गुंता होतो. जमीन बहुतेक खासगी असते, आधी वाडीत विचारा. कातळशिल्पं असतील तिथे पाय देऊ नका, हजारो वर्षांची आहेत. आणि फुरसं, विषारी साप, असतं. फ्रेम लागेपर्यंत बूट घाला, पायमोजे आणि झोरी (जपानी चपला) शेवटच्या क्षणी.

तिसरी_फ्रेम
पटलं, जागा चांगली आहे. पण नेझुकोच्या रक्तातून पेटते ती गुलाबी ज्वाला हवीच. गुलाबी धुराची नळकांडी मिळतात, दोन पेटवा, फोटो उठून दिसेल.

सड्यावरचा
अजिबात नको! वाळलेल्या गवतात एक ठिणगी पुरते. आमच्या आळीतली कलमं वणव्यात गेली आहेत, दहा वर्षं वाढवलेली झाडं एका दुपारी. धूर घरी संगणकावर घाला.

तिसरी_फ्रेम
धुराची नळकांडी म्हणजे आग नव्हे.

सड्यावरचा
पेटवायला लागतात ना? मग आगच. या विषयावर माझं मत बदलणार नाही.

पहाटतारा
सड्यावरचा यांच्या बाजूने. डोळ्यांत लेन्सेस लावताना हात धुवा, डबी जवळ ठेवा. विग खालून वर, रुंद दातांच्या कंगव्याने विंचरा.

आडवाट
धूर नाही, ठरलं. सडाच. बहिणीने ते सगळं वाचून दाखवायला लावलं, ती खूश आहे. कॅमेरा सांगायचा राहिला : जुना क्रॉप (लहान) सेन्सरचा, ५० मिमीची लेन्स, फ्लॅश नाही. एकच अडचण उरली. तिच्या तोंडातली बांबूची नळी कार्डबोर्डची केली होती, काल दमट हवेत मऊ पडली. प्लॅस्टिकची बनवू का?

तिसरी_फ्रेम
५० मिमी चालेल, जवळ जा. थर्मोकोल मात्र न्याच.

सड्यावरचा
प्लॅस्टिक कशाला? आमच्या कुंपणाला चिवा, म्हणजे बारीक बांबू, आहे. कोवळा हिरवा तोडून ठेवतो, शुक्रवारी घेऊन जा. कडा कानशीने घासून देईन, ओठाला लागणार नाही. पेर किती लांब हवं आणि केवढं जाड?

आडवाट
लांबी पंधरा सेंटीमीटर, जाडी अंगठ्यापेक्षा थोडी जास्त. बहीण विचारतेय, गाठ मध्ये आली तर चालेल का. तिला ती हवीच आहे.